कुरणवाडीचे बावन्न सेकंद

शिवांजली फडतरे वर्षातले नऊ महिने बाजेवर पोहायची. हसायचं काम नाही. वडूजच्या पुढं आठ किलोमीटरवर कुरणवाडी, आणि कुरणवाडीत पाणी म्हणजे पाहुणा; आला तर आला, आणि आला म्हणेपर्यंत उठून गेला. शिवांजली नववीत होती तेव्हा गावाच्या कडेनं कालवा आला. तीन पिढ्यांनी भाषणात ऐकलेला कालवा एका सकाळी खरोखरच पाणी घेऊन आला, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काठावर नारळ फोडले, बायकांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, आणि कोंडीबा मेंढका पाय धुवायला उतरला तर त्याची एक चप्पल बघता बघता दिसेनाशी झाली. गावाला केवढा आनंद! त्या चपलेकडं कोणी लक्ष दिलं नाही. तिथंच तर सगळं चुकलं.

पण कालव्याला पाणी सुटणार ते पाळीनं. दिवाळीला काही दिवस, मग उन्हाळ्यात काही दिवस. सगळे मिळून वर्षाला तीन महिने. उरलेले नऊ महिने कालव्यात शेरडं चरायची, आणि शिवांजली ओसरीत बाजेवर पालथी पडून हवेत हात मारायची. शेजारी तिचे आजोबा उभे. हवालदार जोतिबा फडतरे, निवृत्त. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. हातात पलटणीतलं स्टीलचं स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी.

"उजवा! डावा! श्वास घे! बाज मोडली तर मोडू दे, दम मोडायचा न्हाई!"

बाज दोनदा मोडली. आईनं तिसऱ्यांदा नवार विणताना सांगून टाकलं, "आवं मामंजी, आता हिला जमिनीवर पोहवा." शिवांजलीचा बाप फौजेत, लांब राजस्थानात. तो फोनवर लेकीचा आवाज ऐकायचा तेव्हा मागं बाजेची करकर ऐकू यायची, आणि तो विचारायचा, "कितवी फेरी चाललीय?"

आबा पलटणीच्या खेळांत पोहायचे. कालव्याला पहिलं पाणी आलं त्याच आठवड्यात त्यांनी नातीच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि ढकललं. पोरगी बुडाली नाही. हसली. तिला पाण्यात हसूच आवरायचं नाही, काय करणार! नाकातोंडात पाणी जायचं, ठसका लागायचा, आणि पुन्हा हसू. दहा दिवसांत भोपळा सुटला. दुसऱ्या वर्षी आबांनी घड्याळ काढलं.

घड्याळ लावायचं तर अंतर हवं. उपसरपंच दादासो, ज्याला गावातल्या कुठल्याही कामात पुढं उभं राहायची फार हौस, त्यानं लांब टेप आणला आणि वरच्या पुलापासून बरोबर शंभर मीटर मोजून एका लिंबाखाली चुन्याची रेघ मारली. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. बोटभराची चूक नाही. आबांची खुर्ची लिंबाच्या सावलीत, रेघेपाशी. शिवांजली चपला वरच्या पुलावर काढून उभी राहायची. शिट्टी वाजली की सूर मारायची आणि हात मारत मारत रेघेपाशी यायची. आबा बटण दाबायचे.

परत वर जायचं तर काठानं चालत जाता आलं असतं. पण काठावर सराटे. इंचाइंचाला काटा, आणि पायात काही नाही. म्हणून ती आल्या वाटेनं पोहतच पुलाकडं परत जायची. त्यात आबांना रस नव्हता. तेवढ्या वेळात ते घड्याळ खिशात टाकून तंबाखू मळायचे. मळून झाली, चुना चोळून झाला, दाढेत धरून झाली, तरी पोरगी पोचलेली नसायची. मग आबा ओरडायचे, "अगं, येताना विजेवानी येतीस, आनि जाताना म्हशीवानी का जातीस?"

"आबा, जाताना लय जड जातंय!"

"आळस हाय त्यो! आळस!"

असे रोज दहा-बारा हेलपाटे. बारावीच्या उन्हाळ्यात एका दुपारी आबांनी बटण दाबलं, काट्याकडं बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. बावन्न सेकंद.

दादासोनं मोबाइलवर शोधलं. बायकांत शंभर मीटरचा जगाचा विक्रम किती? एक्कावन्न सेकंद आणि वर थोडं. दादासो खुर्चीचा हात धरून खाली बसला. "आबा," तो म्हणाला, "आपली शिवू जगात दुसरी हाय."

त्या दिवशी कुरणवाडीचा पाय जमिनीवर ठरला नाही. आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला: 'कुरणवाडीची जलपरी! १०० मीटर फक्त ५२ सेकंद! जगाला आता एकाच सेकंदाची मुदत!' खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. सगळ्यांत मोठा दादासोचा, गॉगल लावलेला. सगळ्यांत छोटा शिवांजलीचा, कोपऱ्यात. तिला तो फ्लेक्स बघून इतकं हसू आलं की तिची एसटी चुकली.

हसत होती, पण मनात तिचं एक पक्कं ठरलेलं होतं. सांगलीला, विश्रामबागेत, एका कॉलेजात पोहण्याचा तलाव होता. तिथल्या मुलींच्या संघात यंदा एक जागा रिकामी होती. निवड चाचणी जूनमध्ये. जागा मिळाली की वसतिगृह मिळायचं, विद्यापीठाच्या स्पर्धा मिळायच्या, आणि सकाळ-संध्याकाळ तलाव मिळायचा. बारा महिने पाणी. बारा महिने! हे दोन शब्द ती बाजेवर हात मारताना तोंडातल्या तोंडात घोळवायची. नाही मिळाली जागा तर वडूजचं कॉलेज होतंच, आणि ही करकरणारी बाज होती.

फॉर्ममध्ये वेळ विचारली होती. आबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, बावन्न सेकंद. चार दिवसांनी फोन आला. आबांनीच उचलला.

"नमस्कार, मी विनोदिनी. कॉलेजात पोहणं शिकवते. शिवांजलीच्या फॉर्मवर बावन्न सेकंद लिहिलंय. एक मिनिट बावन्न म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मिनिट कशाला मधी आनताय बाई? नुस्तं बावन्न."

"घड्याळ नीट चालतंय ना, आजोबा?"

इथं आबांचा आवाज चढला. "म्याडम, ह्ये घड्याळ पलटणीचं हाय. बर्फात चाललंय, वाळूत चाललंय. कालव्याच्या काठाला काय त्याला धाड भरलीया?"

पलीकडून फॉर्म उलटासुलटा केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "पंधरा जूनला सकाळी नऊ वाजता या. मला बघायचंच आहे."

आबांनी फोन ठेवला आणि ओसरीला जाहीर केलं, "बाई हादरली!"

मग धावपळ. शिवांजली आजवर टी-शर्ट आणि ट्रॅकपँटवर पोहलेली. पोहण्याचा खरा पोशाख आणायला ती आणि आई साताऱ्याला गेल्या. दुकानदारानं पोशाख पुढं केला तेव्हा आईनं तो दोन बोटांत धरून उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "ह्याचं उरलेलं कापड कुठं हाय?" शेवटी गुडघ्यापर्यंतचा एक मिळाला, काळा, निळ्या पट्ट्याचा. चष्मा मिळाला. शिवांजलीनं चष्मा दुकानातच डोळ्यांवर चढवला आणि तसाच एसटीत कोरेगाव येईपर्यंत ठेवला. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, "बाई, पाऊस गाडीत पडतोय का?" मायलेकी हसून हसून वाकल्या.

पंधरा जूनला पहाटे दादासोनं आपली बोलेरो काढली. आबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढं बसले, आई मागं धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन, तिच्या शेजारी शिवांजली. मायणी गेली, विटा गेला, तासगाव गेलं. दादासो वाटेत चहाला थांबला की टपरीवाल्याला सांगायचा, "जगात दुसरी हाय, गाडीत बसलीया." टपरीवाला वाकून गाडीत बघायचा आणि शिवांजली सीटच्या खाली जायची. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तशी सगळी वरात. पण तिलाही आतून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोला, तिनं मनातल्या मनात विमानात बसूनही घेतलं होतं.

तलाव दिसला आणि ती तडक काठावर जाऊन बसली. निळं निळं पाणी, आरपार तळ दिसतोय, मध्ये रंगीत दोऱ्या ताणलेल्या. तिनं बोट बुडवलं.

"आबा, ह्ये पानी हलत कसं न्हाई?"

"शिस्तीत हाय," आबा म्हणाले. "आपल्यावानी गावठी न्हाई."

चाचणीला आठ मुली होत्या. कागद-पेन्सिल घेऊन स्वानंदी नावाची एक मुलगी उभी होती. ती संघातलीच, दुसऱ्या वर्षाची, विश्रामबागेतच राहणारी, आणि तोंडाला जरा विश्रांती नाही. "नाव? शिवांजली फडतरे? अगं बाई, ते बावन्न सेकंद तूच का? आम्ही आठ दिवस तुझ्याबद्दलच बोलतोय! टोपी नाही का तुझ्याकडे? थांब, माझी घे." तिनं स्वतःच शिवांजलीच्या केसांवर रबरी टोपी ताणून बसवली. बाकीच्या सात मुली कुजबुजत बघत होत्या. विनोदिनी मॅडम ठेंगण्या, पांढऱ्या बॉबकटच्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी आबांना नमस्कार केला, घड्याळाकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चला. शंभर मीटर. चार फेऱ्या."

शिट्टी वाजली. शिवांजलीनं सूर मारला तो झकास. वरून पडायची सवय तिला. हात सुरू केले. आणि पहिल्या दहा हातांतच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. उतारावर सायकल सुसाट सुटलेली असावी आणि मध्येच सपाटी लागावी, तसं झालं. ती हात मारत होती, जीव खाऊन मारत होती, पण नेहमीचं ते सरसर सरकणं कुठं गेलं? शेजारची मुलगी पुढं गेली. पलीकडची पुढं गेली. ती काठाला लागली तेव्हा चार जणी आधीच टोप्या काढून बसल्या होत्या.

"एक मिनिट सोळा," स्वानंदी हळूच म्हणाली. आज पहिल्यांदाच ती हळू बोलली असेल.

आबांच्या घड्याळातही एक मिनिट सोळाच. त्यांनी घड्याळ झटकलं. कानाला लावलं. घड्याळ टिकटिकत होतं. तेवढ्यात दादासोच्या डोक्यात वीज चमकली. "आबा! टाकी मोठी हाय! आपल्याला फशिवत्यात!" आणि कोणी काही म्हणायच्या आत तो पळत जाऊन बोलेरोतून तोच टेप घेऊन आला. मग विश्रामबागेच्या त्या टापटीप तलावाच्या काठावर गुडघ्यावर रांगत दादासो टेप सोडतोय, दुसरं टोक आबांनी पायाखाली दाबलंय, आणि आठ मुली, चार शिपाई, दोन प्राध्यापक बघतायत, असा देखावा सुरू झाला. आईनं पदर तोंडावर ओढला. "नाचता येईना, अंगण वाकडं! आवं मामंजी, बास करा, लोक बगत्यात!"

"पंचवीस," दादासो पलीकडच्या टोकावरून ओरडला. मग जरा वेळानं, पडलेल्या आवाजात, "बरुबर पंचवीस."

मॅडम आबांजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, उलट डोळ्यांत हसू होतं. "आजोबा, तुम्ही वेळ कुठं घेतली होती?"

"कालव्यात."

"पाणी वाहतं असतं?"

"वाहतं म्हंजी! लय जोराचं. फस्क्लास पानी!"

"आणि ही कुठून कुठं पोहायची?"

"वरच्या पुलापास्नं..." आबांचा हात वर गेला. तिथून हवेतल्या हवेत हळूहळू खाली यायला लागला. छातीशी आला. कमरेशी आला. तिथं थांबला. दादासोच्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि टेप खर्रकन डबीत शिरला.

शिवांजलीच्या डोक्यात मात्र आधीच लख्ख झालं होतं. दहावीचं गणित! नाव प्रवाहाच्या दिशेनं जाते तेव्हा तिचा वेग किती. पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते तिनं त्या उदाहरणाला. पण वहीतली नाव नदीत होती, आणि कुरणवाडीत नदी होती कुठं? तिथं तर पाणी आलं यातच सगळ्यांना स्वर्ग मिळालेला. आलेलं पाणी पुढंही जातं, आणि जाताना पोरीला घेऊन जातं, हे कोणाच्या मनालाही शिवलं नाही. कोंडीबाची चप्पल जगात पहिली होती म्हणायची! हे मनात आलं मात्र, तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. काठाला धरून ती हसली, पाण्यात बुडून हसली, वर येऊन हसली. ठसका लागला. शिवांजली कशाला हसतेय हे न कळताच स्वानंदी हसायला लागली, मग सगळ्याच मुली. दादासोही ओशाळून हसला.

आणि मग हसता हसता तिला बाज आठवली. करकर आठवली. हसू थांबलं आणि डोळे भरून आले. पाण्यातच उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, आमचं चुकलं. पन मला हितंच ऱ्हायाचंय. आमच्याकडं वर्षाला तीन महिने पानी असतंय, बाकीचं मी बाजेवर पोहते. मला पानी पायजे, मॅडम."

वाटेत तिनं शुद्ध बोलायचा सराव केला होता. तो सगळा तलावात गेला.

मॅडम काठावर उकिडव्या बसल्या. थोडा वेळ त्यांनी तिच्या खांद्यांकडं बघितलं. "खाली यायचीस ते कळलं. परत वर कशी जायचीस?"

"पोहतच."

"प्रवाहाच्या उलट? काठानं का नाही?"

"काठावर सराटे हायती ना. आनि चपला वरच्या पुलावर."

"दिवसातून किती वेळा?"

"धा-बारा. आबा पेटले तर पंधरा."

"त्याची वेळ कोणी लावली?"

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी खाली बघितलं. "तवा मी तंबाखू मळत हुतो," ते म्हणाले.

मॅडम उठल्या. वहीचं नवं पान काढलं. "शिवांजली, पुन्हा सुरू कर. पळायचं नाही. लिंबापासून पुलाकडं जायचीस, तशीच जा. दमलीस की थांब."

ती निघाली. आणि दुसऱ्याच फेरीला तिच्या लक्षात आलं, अरेच्चा, हे पाणी मागं ओढत नाहीये! रोज छातीवर रेटणारं ते ओझं कुठंय? नाहीच! चार वर्षं डोक्यावरून भरलेली घागर नेणाऱ्या बाईच्या डोक्यावरची घागर कोणी अलगद उतरवून घ्यावी, तसं वाटलं तिला. केवढं सोपं! जा की किती जायचं ते! ती पाण्यात बुडबुडे सोडत हसली. काठ आला, वळली. काठ आला, वळली. कुठं जड नाही, कुठं काटा नाही, वर सूर्य, खाली निळा तळ. असलं पाणी कोणी दमायला देतं का?

पंधराव्या फेरीला स्वानंदी शेजारच्या पट्ट्यात उतरली, चाळिसाव्या फेरीला "मेले गं" म्हणून बाहेर निघाली. बाकीच्या मुली वडापाव खाऊन आल्या. दादासो मोठ्यानं फेऱ्या मोजत होता, पण त्याला मध्ये फोन आला आणि आकडा हुकला. आईचा हुकला नव्हता. ती दर दहा फेऱ्यांना पदराला एक गाठ मारत होती. मॅडमची पेन्सिल नुसती चालली होती. आबांनी मात्र या वेळी तंबाखूची डबी खिशातून काढलीच नाही. घड्याळ मुठीत, आणि मान फेरीबरोबर इकडून तिकडं, तिकडून इकडं.

अकरा वाजले. ज्येष्ठ नागरिकांची तुकडी आली. टोप्या घालून, टॉवेल खांद्यावर टाकून दहा-बारा आजोबा काठावर ओळीनं उभे राहिले. त्यातल्या एकांनी अदबीनं विचारलं, "ही मुलगी कधी निघणार?"

"दमल्यावर," मॅडम म्हणाल्या.

"आणि कधी दमणार?"

"तेच बघतेय."

शेवटी मॅडमनी शिट्टी वाजवली. पाण्यात कसलं ऐकू जातंय! पुन्हा वाजवली. ज्येष्ठ नागरिकांनी टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं कौतुक चाललंय, तिनं आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग स्वानंदीनं उडी टाकून तिचा पाय धरला, तेव्हा कुठं ती वर आली. चष्मा कपाळावर, गाल लाल. "का गं? मी दमले न्हाई अजून!"

"अकरा गाठी आनि वर चार," आईनं पदर दाखवला. एकशे चौदा फेऱ्या.

मॅडमनी वही तिच्यासमोर धरली. "शंभर मीटरला तू माझ्या काहीही उपयोगाची नाहीस," त्या म्हणाल्या, आणि शिवांजलीनं कपाळावरचा चष्मा उतरवला. "पण हे बघ. पहिली फेरी वीस सेकंद. साठावी फेरी वीस सेकंद. शंभरावी एकवीस. पंधराशे मीटरला गेली तीन वर्षं माझ्याकडं मुलगी नाही. सगळ्या आठशेलाच रडतात."

"मी सहाशेला रडते," स्वानंदीनं प्रांजळपणे सांगितलं.

"वळायचं कसं ते शिकवावं लागेल. श्वासही चुकीचा घेतेस. आणि पाण्यात हसणं बंद." मॅडमनी वही मिटली. "ऑफिसातून वसतिगृहाचा फॉर्म घे. जागा तुझी."

पुढं काय झालं ते सांगायला कोणी एक माणूस पुरायचा नाही. शिवांजलीनं किंकाळी मारली, स्वानंदीनं तिच्याहून मोठी मारली, आई रडत रडत ज्येष्ठ नागरिकांना धपाटी वाटायला लागली, आणि दादासो कपड्यांसकट तलावात पडला. पडला की उडी मारली, यावर कुरणवाडीत अजून एकमत नाही.

आबा एकटे बाकावर बसले होते. शिवांजली तशीच ओली, थबथबत त्यांच्यापाशी गेली. त्यांनी घड्याळ तिच्यापुढं धरलं. काटा अजून फिरत होता. बंद करायचं भान राहिलं नव्हतं.

"घड्याळ चुकलं न्हवतं, शिवू," ते म्हणाले. "म्या नको तवा लावत हुतो. तू खरी पोहत हुतीस, आनि म्या तुला म्हस म्हनत हुतो." तिनं त्यांना मिठी मारली आणि इस्त्रीचा शर्ट पार भिजवला.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा कालव्याला पाणी सुटलं होतं. एसटीतून उतरून ती तडक काठाकडं गेली. तिथं भांडण चाललेलं. दादासो दहा-बारा पोरांना घेऊन आलेला, हातात खुरपी, कुदळी. पोरगी सांगलीहून येणार, तर तिच्या पायाला काटा लागू नये म्हणून सगळा काठ साफ करायचा बेत. आणि वाटेत आबा काठी आडवी धरून उभे.

"एका सराट्याला हात लावशीला तर बगा!"

"आवं आबा, तिच्याच मानासाठी करतोय न्हवं!"

"मान ऱ्हाऊ दे घरात! म्याडमनी फोनवर बजावून सांगितलंय, काठ हाय तसा ठेवा. चला, पळा हितनं!"

पोरं पळाली. शिवांजलीनं बघितलं, लिंबाखालची खुर्ची तिथं नव्हती. खुर्ची आता वरच्या पुलावर होती, भर उन्हात. तिनं पुलावर चपला काढल्या, खाली सूर मारला, लिंबापाशी आली आणि वळली. आबांनी शिट्टी वाजवली, बटण दाबलं. डबी खिशात तशीच.

पाणी छातीवर रेटत होतं. तिनं खाली मान घातली आणि निघाली. पुलाचा खांब हाताला लागला तेव्हा वरून आबांची आरोळी अशी उठली की पलीकडच्या माळावरची कोंडीबाची मेंढरं उधळली.

"दोन मिनिटं नऊ! दोन मिनिटं नऊ!"

तिच्या आयुष्यातली इतकी वाईट वेळ कोणी एवढ्या अभिमानानं ओरडून सांगितली नव्हती. ती खांबाला धरून हसत राहिली.

दादासोनं नवा फ्लेक्स लावलाय. जुन्यावरचे चौदा फोटो तेच आहेत, फक्त शिवांजलीचा मोठा झालाय आणि आकडा बदललाय: '१०० मीटर, २ मिनिटे ९ सेकंद!' वडूजची माणसं एसटीतून तो वाचतात आणि पोट धरून हसतात. कुरणवाडीकर चिडत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "उतर की गड्या पान्यात, आनि वर जाऊन दाव."